अलर्टला निघायच्या आधी एवढं वाच

अरे, अलर्टची सहा महिन्यांची पोस्टिंग आली म्हणालास, फोनवर धड बोलणंच झालं नाही म्हणून इथे लिहितोय. एल्समेअर बेटाचं पार उत्तर टोक, उत्तर ध्रुव तिथून फक्त ८१७ किलोमीटर, कॅनडाच्या सैन्याचा तळ आणि बाकी गाव वगैरे काही नाही, तेव्हा विसरलेली वस्तू विकत मिळेल ही आशाच सोड.

सगळ्यात पहिलं, पार्का, जाड बूट, टोपी हे विमानात अंगावर किंवा मांडीवर ठेव, कार्गोत अजिबात टाकू नकोस. ३० ऑक्टोबर १९९१ ला हर्क्युलिस विमान उतरता उतरता तळाजवळच कोसळलं, १८ माणसं होती, वादळामुळे मदत पोचायला तीस तासांच्या वर लागले आणि ५ जण गेले. तिथे जवळ असणं म्हणजे हाताशी असणं नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेव.

आतून लोकरीचे थर घाल, सुती काही नको, घाम आला की ते ओलं राहतं आणि मग अंग गारठतं. फेब्रुवारीत सरासरी उणे ३३ च्या आसपास असतं आणि वर वारा, त्यामुळे पातळ हातमोजे आत आणि जाड मिटन्स बाहेर, उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावलास तर कातडी चिकटते. हवा वाळवंटासारखी कोरडी आहे, व्हॅसलीन भरपूर घे, मेतकूट आणि सुकी चटणीपण घे, खरंच बरं वाटतं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत सूर्य उगवतच नाही. झोपायची वेळ घड्याळावर बांधून घे, डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी घे. उन्हाळ्यात उलटं, रात्रच नाही, म्हणून डोळ्यांवरची पट्टी हवीच. कॅमेऱ्याची बॅटरी आतल्या खिशात ठेव, आणि आत येताना कॅमेरा बाहेरच झिप पिशवीत बंद करून मग आण, नाहीतर सगळं पाणी लेन्सवर.

आता प्राण्यांचं, हे मनापासून सांगतोय. तिथले ससे जुलैतसुद्धा पांढरेच, तपकिरी जमिनीवर लांबून दिसतात, मागच्या दोन पायांवर उभे राहून टुकूटुकू बघतात आणि तसेच दोन पायांवर पळतात, बघतच राहावंसं वाटतं. नाजूक दिसतात पण तिथल्याच एका सशाने, गळ्यात पट्टा बांधून सोडला होता त्याला, ४९ दिवसांत ३८८ किलोमीटर कापले. कोल्हा मात्र दाराशी येईल, गोड दिसेल, तरी बिस्किटाचा तुकडासुद्धा टाकायचा नाही. आर्क्टिकच्या कोल्ह्यांत रेबीज असतो, आणि माणसाच्या हातचं खायला सोकावलेला कोल्हा शेवटी त्यापायीच मरतो. चावला, ओरखडलं तर त्याच तासाला मेडिककडे जा. लांडगे माणसाला घाबरत नाहीत, सरळ चालत येतात, पळू नकोस. कस्तुरी बैल गोल करून उभे राहिले की ते घाबरलेत असं समज आणि मागे फिर. समुद्राच्या बर्फाकडे एकट्याने जायचंच नाही, तिकडून अस्वल कधीमधी येतं. रेडिओ चार्ज केलेला, आणि कुठे चाललोय ते सांगून निघ.

पोचलास की मेसेज टाक, आईलापण.