दोन फुटी टाकीत कोणता मासा कोणासोबत ठेवायचा (नाशिककरांसाठी)

दुकानात गेलं की होतं काय, आपण फक्त रंग बघतो. एक लाल, दोन निळे, पोरगी म्हणते तो काळा पण घ्या ना बाबा, आणि पाच जातींचे दोन-दोन मासे पिशवीत भरून आपण घरी येतो. माझ्या पहिल्या टाकीत मी चार छोटे एंजल आणि दहा निऑन टेट्रा सोबत सोडले होते. सुरुवातीचे तीन-चार महिने एकदम मस्त, मग रोज सकाळी निऑन एक-एक कमी व्हायला लागला, मेलेलाही दिसायचा नाही, नुसता गायब. एंजल वाढले होते आणि निऑन आता त्यांच्या तोंडात मावत होता, एवढंच. जो तोंडात मावतो तो खाल्ला जातो, एंजलची यात काही चूक नाही, ती जोडी लावली मी.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी माशाचं नाव नंतर सांगतो, आधी विचारतो घरी पाणी कुठलं येतं?

नाशकात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मनपाचं गंगापूर धरणाचं पाणी वेगळं, बोअरचं वेगळं, आणि आमच्यासारख्या सोसायटीत दोन्ही एकाच टाकीत पडतं, एप्रिल-मे आला की बोअरचा वाटा वाढतो. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त आहेत. घरी आरओची सर्व्हिस करायला माणूस येतो त्याच्याकडे टीडीएस मीटर असतं, त्यालाच नळाचं पाणी मोजायला सांगा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, अगदी जडपणा नव्हे पण अंदाज येतो. आणि हो, पाणी जड आहे म्हणून नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि माशांना ते लागतात.

पाणी जड असेल तर गप्पी, प्लॅटी, मॉली यांच्याकडे वळा, त्यांना असंच पाणी मानवतं. गप्पी तर आपल्या ओळखीचाच, डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या हौदात सोडतात तो, दुकानातला फक्त रंगीत शेपटीवाला. हे तिन्ही पिल्लं देतात आणि गप्पीची मादी साधारण महिन्याला देते, त्यामुळे दोन फुटी टाकीत नर-मादी ठेवले तर सहा महिन्यांत गर्दी होणार हे धरूनच चाला. मी सरळ सहा-सात नर गप्पीच ठेवायला सांगतो, रंगही त्यांनाच असतो. मादी हवीच असेल तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर नर तिला दिवसभर पळवत राहतो आणि ती बिचारी खंगते.

पाणी मऊ असेल तर निऑन छान. पण दोन निऑन कधीच आणू नका, किमान आठ, तो थव्याचा मासा आहे, एकटा पडला की झाडामागे लपून बसतो. सोबत वरच्या थरात एक हनी गुरामी, आणि खाली वाळूवर पाच-सहा कोरी, म्हणजे कोरिडोरास, तळाशी फिरणारा छोटा मिशावाला मासा. कोरी मिशांनी वाळू उकरत खातो म्हणून तळाला टोकदार खडी नको, बारीक वाळू टाका. वर, मध्ये, खाली अशी जागा वाटली गेली की भांडणं आपोआप कमी होतात. २४ बाय १२ बाय १२ इंचाच्या टाकीत कागदावर ५६ लिटर बसतात पण वाळू-दगड टाकून खरं पाणी ४५-५० लिटरच राहतं, वर सांगितलेत त्यापेक्षा जास्त मासे कोंबू नका.

आता थंडी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो आणि माझ्या पहिल्याच हिवाळ्यात सगळ्या माशांवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले, गारठ्याने मासा अशक्त झाला की हा रोग पटकन धरतो. वरचे सगळे मासे २४ ते २६ डिग्रीत खूश असतात तेव्हा ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा हीटर घ्याच, त्यात कंजुषी करू नका. हीटर अजिबात नकोच असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या, उत्तर भारतातल्या गंगेच्या खोऱ्यातला काटक मासा, १८ डिग्रीपर्यंत आरामात राहतो, आठ जण आणा आणि घट्ट झाकण लावा, उड्या मारतो.

काय आणायचं नाही ते जास्त कळकळीने सांगतो. गोल्डफिश या टाकीत नाही, कितीही गोंडस दिसला तरी. त्याला थंड पाणी लागतं, तो सहा-आठ इंच होतो आणि घाण इतकी करतो की बाकीचे त्यात गुदमरतात. सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा काळपट मासा, तर दुकानदार हमखास देतो, "काच साफ करतो" म्हणून, दोन इंचाचा असतो तो फूटभर वाढतो, आणि मग लोक तो नदीत सोडून येतात. गोदावरीत प्लीज सोडू नका, हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, इथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतो. काच आपण स्पंजने पुसू शकतो. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, म्हणजे गप्पी, एंजल, फायटर (बेट्टा) यांच्यासोबत नाहीच. फायटरचे दोन नर एकत्र नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण फायटर आणि गप्पी पण नको, गप्पीची रंगीत शेपटी बघून त्याला वाटतं दुसरा फायटरच आला. एंजल हवाच असेल तर मोठी, उंच टाकी घ्या.

जोडी ठरली तरी सगळे एकाच दिवशी आणू नका. नव्या टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे न आणता फिल्टर चालू ठेवून रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा, ते कुजून अमोनिया होतो, आणि नळाचं पाणी घालताना क्लोरीन मारायचं औषध टाका. मग आधी शांत मासे, म्हणजे निऑन किंवा कोरी, दोन आठवड्यांनी गुरामी, कारण जो आधी येतो तो टाकीवर हक्क सांगतो. दुकानात पाच मिनिटं उभं राहून बघा, ज्या टाकीत एक जरी मासा पंख मिटून कोपऱ्यात बसलाय तिथला दुसराही घेऊ नका. घरी आल्यावर बंद पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग थोडं-थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला, मासे जाळीने सोडा आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता. त्या रात्री टाकीचा लाइट बंदच ठेवा, खायलाही दुसऱ्या दिवशी द्या.