दोन शाळा, एक पाऊसतक्ता : जून लागण्याआधीची तयारी

एक वर्ग आंबोली-गगनबावड्याच्या बाजूचा, दुसरा माण-आटपाडीकडचा. दोघांनी पावसाळाभर रोज पाऊस मोजायचा आणि एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायचा, हा उपक्रम सहावी-सातवीला फार छान जमतो. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलीमीटर पाऊस, आणि पूर्वेला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी. इथल्या मुलांना रोज जे दिसतं ते तिथल्या मुलांना कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, विचारावंच लागतं. विचारायला कारण नसेल तर कितीही चांगलं ॲप घ्या, दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वर्ग गप्प होतात. म्हणून ॲप उघडण्याआधी दोन्ही वर्गशिक्षकांनी फोनवर निवांत अर्धा तास बोलून घ्यावं. काय मोजायचं, किती वाजता मोजायचं आणि ज्या दिवशी आपण नसू त्या दिवशी कोण मोजणार, हे तिथेच पक्कं करावं. प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, केंद्राची बैठक हे सगळं येणारच आहे. प्रत्येक शाळेतून एक बदली शिक्षक आणि मुलांच्या दोन जोड्या आधीच ठरलेल्या हव्यात.

वेळ सकाळी ८.३० ठेवा. भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस ८.३० ते दुसऱ्या दिवशीच्या ८.३० असा धरतो, त्यामुळे मुलांचे आकडे पेपरात येणाऱ्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतात. १५ तारखेला सकाळी मोजलेला पाऊस १५ तारखेसमोरच लिहायचा, हेही दोघांनी एकसारखं ठरवा. शाळा उशिरा भरत असेल आणि जवळ राहणारी मुलं मिळत नसतील तर १०.३० धरा, पण मग दोन्हीकडे १०.३०. एकाने ८.३० आणि दुसऱ्याने १०.३० घेतलं तर मधल्या दोन तासांची सर एकाच्या ‘आज’मध्ये पडते आणि दुसऱ्याच्या ‘उद्या’मध्ये. महिन्याच्या शेवटी मुलं आलेख जुळवायला बसतात तेव्हा ते जुळत नाहीत आणि कारणही सापडत नाही.

पर्जन्यमापक दोन्ही शाळांचा एकाच मापाचा हवा. दोन लिटरची सरळ भिंतीची प्लास्टिक बाटली घ्या, निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून आत बारीक खडे घालून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. रोज मोजून झाल्यावर पाणी पुन्हा त्या रेघेपर्यंत आणायचं. कोरड्या आठवड्यात हे पाणी उडून रेघेखाली जातं, आणि मग पहिली सर तेवढी खड्डा भरण्यातच जाते. पूर्वेकडच्या शाळेने याकडे रोज लक्ष द्यायला हवं. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली यांचा व्यास सारखा असेल तरच पट्टीवरचा मिलीमीटर हा खरा मिलीमीटर. तोंड २० सेंटिमीटरचं आणि भांडं १० सेंटिमीटरचं झालं तर उंची चौपट दिसते. पट्टीऐवजी मोजपात्र वापरायचं असेल तर १० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाला १ मिलीमीटर पाऊस म्हणजे साधारण ७.८५ मिलीलिटर पाणी.

मापक मोकळ्या जागी, कडा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. पागोळ्यांखाली ठेवलेला मापक हा सर्वांत जास्त दिसणारा घोटाळा. घाटमाथ्यावर आणखी एक अडचण येते: अशा बाटलीची सरळ भिंत वीसेक सेंटिमीटरच, आणि खडे-पाण्याने त्यातलीही थोडी गेलेली. हवामान विभाग २४ तासांत २०४.५ मिलीमीटर आणि त्यापुढच्या पावसाला अत्यंत मुसळधार (एक्स्ट्रीमली हेवी) म्हणतो. त्या दिवशी बाटली ओसंडून जाते आणि मुलं तिची उंचीच पाऊस म्हणून लिहितात. त्या शाळेने आषाढ-श्रावणात संध्याकाळी ५.३० लाही एकदा मोजून पाणी शून्याच्या रेघेपर्यंत आणावं आणि दोन्ही आकड्यांची बेरीज सकाळी भरावी.

आता तक्ता. गूगल शीट्स पुरेसं आहे. एकाच फाइलीत चार पानं करा: पहिल्या शाळेचं, दुसऱ्या शाळेचं, एकत्र बेरजेचं आणि प्रश्नांचं. एकाच पानावर दोन्ही शाळांना लिहायला लावू नका. ऑफलाइन फोनवर भरलेली नोंद रेंज आल्यावर जाऊन बसते, आणि एकाच चौकटीत दोघांनी लिहिलं असेल तर नंतर पोचलेलं उरतं. प्रत्येक पानाला संरक्षण लावून फक्त त्या शाळेच्या खात्याला लिहिण्याची परवानगी द्या. हे काम संगणकावर बसून करा. तिथेच फाइलीच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा, नाहीतर ०५/०७ हा पाच जुलै आहे की सात मे, यावरून तक्ता बिघडतो.

रकाने मोजकेच: तारीख, पाऊस मिलीमीटरमध्ये, किती दिवसांचा, मोजणारी जोडी, शेरा. ‘किती दिवसांचा’ हा रकाना रविवारसाठी आहे. शनिवारी मोजलं आणि नंतर थेट सोमवारी, तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा. तो तसा लिहिला नाही तर प्रत्येक सोमवारी उगाचच जोराचा पाऊस दिसतो. पाऊस नसेल तर ० लिहायचा आणि मोजलंच नसेल तर चौकट रिकामी ठेवायची, हा फरक मुलांच्या अंगवळणी पाडायला निदान आठवडा द्या. बेरजेला फरक पडत नाही, पण सरासरी काढताना शून्य धरलं जातं आणि रिकामी चौकट सोडली जाते. बेरजेच्या पानावर महिन्याचा एकूण पाऊस आणि पावसाचे दिवस एवढंच पुरे. २.५ मिलीमीटर किंवा अधिक झाला तरच पावसाचा दिवस, हा नेहमीचा निकष आहे. मिलीमीटरच्या रकान्यात फक्त ० ते ५०० मधला आकडाच स्वीकारला जाईल अशी अट घाला. अंक इंग्रजी टाका. देवनागरी अंक मजकूर समजले जाऊन हिशोबातून गळू शकतात. शेरा मात्र मराठीतच, फोनच्या मराठी कीबोर्डवरून किंवा बोलून. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला तर समोरच्या शाळेत नुसती अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून सगळं युनिकोडमध्ये.

शेऱ्याचा रकाना आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. भुरभुर, शितोडे, झड, वळीव, हत्तीचा पाऊस: घरी जे म्हणतात तेच मुलांनी लिहावं. शिक्षकांनी ते प्रमाण मराठीत दुरुस्त करू नये. समोरच्या वर्गाचा पहिला खरा प्रश्न बहुतेक वेळा आकड्यावरून येत नाही, अशा एखाद्या शब्दावरून येतो.

फाइलीची मालकी शिक्षकाच्या वैयक्तिक खात्याकडे ठेवू नका. बदली झाली की फाइल त्यांच्यासोबत जाते, शिवाय वर्गाच्या टीव्हीवर त्यांचे घरचे फोटो उघडे पडतात. शाळेच्या नावाचं खातं काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवा, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे तेही. भारतात स्वतःचं गूगल खातं सांभाळायला वयाची १३ वर्षं पूर्ण लागतात, सहावी-सातवीतली बरीच मुलं त्याखालची. वय खोटं टाकून खाती काढू नका. मुलांनी शाळेच्या खात्यावरून, शिक्षकांसमोर नोंद करावी. फाइल ‘लिंक असलेल्या कोणालाही लिहिता येईल’ अशी कधीच ठेवू नका. ती लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटात गेली की कोणाच्या तरी लहान भावंडाच्या हातून महिन्याभराचे आकडे पुसले जातात. तसं झालंच तर आवृत्ती-इतिहासातून (व्हर्जन हिस्टरी) आदल्या दिवसाचा तक्ता परत आणता येतो. तो कसा आणायचा हे दोन्ही शिक्षकांनी जूनआधी एकदा करून पाहावं.

पालकांची लेखी संमती शाळा उघडल्या-उघडल्या घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे. संमतिपत्र मराठीत आणि एका पानाचं असावं: मुलाचं फक्त पहिलं नाव दिसेल, चेहऱ्याचे फोटो टाकले जाणार नाहीत, व्हिडिओ भेटीचं चित्रण होणार नाही. फोटोंसाठी पॅडलेटसारखा ऑनलाइन फलक वापरायचा असेल तर शिक्षकांनी मंजूर केल्यावरच चिठ्ठी दिसेल ही सोय आधी चालू करा, आणि फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद.

प्रश्नांच्या पानावर तारीख, प्रश्न, विचारणारा वर्ग, उत्तर, उत्तराची तारीख. दर आठवड्याला प्रत्येक वर्गाचे किमान दोन प्रश्न, उत्तर शाळेच्या तीन दिवसांत. उत्तर शिक्षकांना माहीत असलं तरी ते मुलांनीच शोधून लिहावं. तीन दिवसांत काहीच लिहिलं गेलं नाही तर दोन शिक्षकांनी एकमेकांना फोन करावा, वाट पाहू नये. गप्प गेलेला एक आठवडा मुलं लक्षात ठेवतात.

व्हिडिओ भेट महिन्यातून एकदा, एका तासिकेची. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जण असले की ६० मिनिटांची मर्यादा लागते, पण प्रत्येक वर्ग एकाच उपकरणावरून आला तर ती दोघांचीच भेट ठरते आणि मर्यादा आड येत नाही. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटं. चांगल्या चित्राला तासाला १ जीबीच्या वर डेटा जाऊ शकतो, तेव्हा त्या दिवशी सकाळपासून तो फोन दुसऱ्या कशालाही वापरू नका. फोन टीव्हीला केबलने जोडणार असाल तर आठ दिवस आधी करून पाहा. कितीतरी स्वस्त फोनच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर जातच नाही, केबल कितीही नवी असली तरी. खोलीत एकच माइक चालू ठेवा, दुसरा चालू राहिला की आवाज घुमतो. टीव्हीचा आवाज बेताचा आणि फोन टीव्हीपासून दूर, बोलणाऱ्या मुलाच्या हाताशी. पत्र्याच्या छपरावर पाऊस आला तर काहीच ऐकू येत नाही, म्हणून घाटाकडच्या शाळेने काँक्रीटच्या छताची खोली मागून घ्यावी. वीज गेली तर काय, हेही ठरलेलं असावं: फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा, प्रश्न तेच.

उपक्रम ऑगस्टअखेर संपवू नका. जुलैभर पूर्वेकडच्या मुलांच्या रकान्यात शून्यं आणि समोर शंभर-दीडशे, तेव्हा ती हिरमुसतात. त्यांचा भरवशाचा पाऊस बहुतेक उत्तरा-हस्तात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, आणि तेव्हा कधीकधी एखाद्या दिवशी त्यांचा आकडा घाटमाथ्याच्या वर जातो. तो दिवस तक्त्यात यायला हवा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मोजा.

आणि रोजचा आकडा आधी कागदी वहीत, मग तक्त्यात. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला, स्काइप मे २०२५ मध्ये; त्यांवर ज्यांनी वर्गाचं काम उभं केलं होतं त्यांना ते हलवावं लागलं. दर महिन्याच्या १ तारखेला फाइल एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. सुट्टी लागण्याआधी दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स काढून एकमेकांच्या शाळेला टपालाने पाठवा, पाकिटावर पत्ता मुलांच्या हस्ताक्षरात.