कार्बन अहवालातला आकडा बिलापर्यंत कसा तपासायचा

मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखानदारांकडे आता कार्बनचा हिशेबही मागितला जातो. ऑडिटर अहवाल देतो आणि पहिल्याच पानावर ‘एकूण इतके टन’ असं लिहिलेलं असतं. त्या आकड्यामागे बहुतेक साधा गुणाकार असतो: किती जाळलं किंवा वापरलं, गुणिले त्याचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किंवा लिटरमागे किती कार्बन सुटतो तो आकडा. गुणाकार संगणक करतो, तो सहसा चुकत नाही. तपासायची असते ती आत घातलेली माहिती.

आधी हद्द पाहा, म्हणजे कुठलं उत्सर्जन कुठल्या गटात (‘स्कोप’मध्ये) धरलं आहे ते. स्वतःच्या भट्टीतला कोक, जनरेटर आणि स्वतःच्या गाड्यांचं डिझेल, गॅस सिलिंडर, एसीतून गळलेला वायू हे सगळं स्कोप १ मध्ये. विकत घेतलेली वीज स्कोप २. कच्चा माल, भाड्याचा ट्रक वगैरे स्कोप ३. कुठला प्लॉट, कुठली शेड धरली आहे तेही लिहिलेलं हवं.

मग विजेची बिलं काढा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या, विजेच्या इंडक्शन भट्टीच्या फौंड्रीत खरा भार इथेच असतो, म्हणून वेळही इथेच घालवा. हेस्कॉमच्या (तिथल्या वीज कंपनीच्या) बिलावरचं कन्नड वाचता येत नसेल तरी अडत नाही, आकडे पुरतात. अहवालातला आर. आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) तुमचाच आहे ना, ते पाहा. मागचं आणि चालू रीडिंग यांतल्या फरकाला मीटर कॉन्स्टंटने, म्हणजे त्या मीटरच्या ठरलेल्या गुणकाने, गुणावं लागतं. समजा फरक ५०० आणि कॉन्स्टंट २००, तर वापर १ लाख युनिट. कुणी नुसता फरकच उचलला, तर अख्खी भट्टी कागदावरून गायब! केव्हीएमधली मागणी म्हणजे एका वेळी घेतलेला सर्वाधिक भार, वापर नव्हे. आणि रुपयांवरून काढलेली युनिटं मी तरी मानणार नाही, कारण बिलात स्थिर आकार आणि करही असतात. वर्ष एप्रिल ते मार्च धरलं असेल, तर मार्चच्या वापराचं बिल एप्रिलमध्ये येतं. बिलाची तारीख सोडा, रीडिंगची तारीख पाहा.

गुणांक कुठला घेतलाय? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा (देशभरच्या वीजजाळ्याचा) गुणांक प्रसिद्ध करतं. तो एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे १ लाख युनिटांमागे सुमारे ७० टन. सीमाभागातल्यांसाठी एक गंमत: एक कारखाना बेळगावात आणि दुसरा कागलला असेल, एकाला हेस्कॉमचं आणि दुसऱ्याला महावितरणचं बिल येत असेल, तरी गुणांक एकच. पूर्वी तसं नव्हतं. दक्षिणेचं ग्रिड वेगळं होतं आणि त्याचा गुणांकही वेगळा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने ते उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. आजच्या अहवालात कुणी ‘दक्षिण ग्रिड’चा स्वतंत्र आकडा लावला असेल, तर जुनी फाईल तशीच पुढे ढकलली आहे असं समजा. पवनचक्कीची वीज करार करून घेत असाल तर ग्रिडच्या सरासरीने आणि कराराप्रमाणे असे दोन्ही आकडे मागा.

डिझेल. पंपाच्या पावत्यांची बेरीज पुरत नाही. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हा खरा वापर. लिटरमागे साधारण २.७ किलो. जनरेटरची युनिटं पुन्हा विजेत मिळवली नाहीत ना, हेही विचारा. एकाच डिझेलचा हिशेब दोनदा लागतो तो असा.

साखर कारखान्याचा अहवाल हाती आला तर बॉयलरमध्ये एवढा बगॅस (उसाचा चोथा) जळूनही आकडा इतका लहान कसा, असा संशय येतो. त्यात लबाडी नाही. उसाने हवेतूनच घेतलेला तो कार्बन असल्यामुळे बगॅसचा कार्बन डायऑक्साइड एकूण बेरजेत न धरता वेगळा दाखवायचा असतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र बेरजेत येतात. बगॅस संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये कोळसा टाकला असेल, तर तो पूर्ण मोजायचा. त्यासाठी कोळशाच्या खरेदीच्या पावत्या मागून घ्या.

स्कोप ३ मध्ये अंदाजच जास्त असतो. ऑडिटरकडून पीडीएफ नको, एक्सेलची फाईल घ्या आणि मोजलेल्या व अंदाजाने भरलेल्या ओळी वेगळ्या रंगात करून मागा.