प्रभात फिल्म कंपनीवर लिहिताय? मग या चुका टाळा

एक जूनच्या आसपास पुण्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक वाक्य हमखास फिरतं, शब्द थोडे इकडेतिकडे पण मथितार्थ हाच की "१९२९ साली व्ही. शांताराम यांनी पुण्यात प्रभात स्टुडिओ काढला आणि १९५३ मध्ये सरकारने तो घेऊन तिथे एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) सुरू केलं." एवढ्याशा वाक्यात चार चुका आहेत, आणि गंमत म्हणजे वर्षं दोन्ही बरोबर आहेत! त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही, आणि मग हेच वाक्य कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, रीलमध्ये, हेरिटेज वॉकच्या स्क्रिप्टमध्ये जसंच्या तसं उतरतं.

घोळ होतो कारण आपण "प्रभात" हे एकच नाव चार गोष्टींना वापरतो. एक कंपनी, दुसरी स्टुडिओची जागा, तिसरे कंपनीचे सिनेमे आणि त्यांचे हक्क, चौथं अप्पा बळवंत चौकातलं थिएटर. या चौघांची सुरुवात वेगवेगळी, शेवटही वेगवेगळा. तेव्हा कुठलीही तारीख दिसली की आधी विचारायचं, ही नक्की कुठल्या प्रभातची? निम्मं कन्फ्युजन तिथेच मिटतं.

"पुण्यात स्थापन झाली"

नाही हो. पुणेकरांना हे ऐकायला आवडत नाही आणि कोल्हापूरकरांना सांगायला फार आवडतं, पण १ जून १९२९ ला कंपनी निघाली ती कोल्हापुरात. "गोपाळकृष्ण" हा पहिला मूकपट तिथलाच, आणि १९३२ चा "अयोध्येचा राजा", म्हणजे गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे असलेला प्रभातचा पहिला बोलपट, तोही कोल्हापूरचाच. पुण्याला मुक्काम हलला १९३३ मध्ये, आणि पुण्याच्या स्टुडिओतून बाहेर पडलेला पहिला सिनेमा म्हणजे १९३४ चा "अमृतमंथन", तोच ज्यात चंद्रमोहनच्या डोळ्याचा पडदाभर क्लोजअप आहे. तेव्हा पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, स्टुडिओच्या जागेपाशी उभं राहून कुणी वॉकमधल्या लोकांना "इथेच अयोध्येचा राजा शूट झाला" असं सांगत असेल तर खुशाल मध्येच बोला.

याच्याही आधीचं एक पाऊल लोक गाळतात. भागीदारांपैकी चौघं जण बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करून शिकलेले, तीही कोल्हापूरचीच. आणि इथे एक खड्डा आहे तो सांभाळा. "सैरंध्री" नावाचे दोन सिनेमे आहेत. १९२० चा मूकपट बाबूराव पेंटरांचा, जो बघून लोकमान्य टिळकांनी त्यांना "सिनेमा केसरी" म्हटलं, आणि १९३३ चा बोलपट प्रभातचा, ज्याच्या रंगीत प्रती काढायला फिल्म जर्मनीला नेली होती आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. टिळक १९२० मध्येच गेले, त्यामुळे "टिळकांनी प्रभातची सैरंध्री पाहिली" असं वाचलंत की पुढचं फार विश्वासाने वाचू नका.

"शांतारामांची कंपनी"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात हट्टी. प्रभात ही पाच जणांची भागीदारी होती आणि कामं वाटून घेतलेली होती. शांताराम दिग्दर्शन बघायचे. विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रण आणि स्टुडिओचा कारभार. एस. फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, ते कलादिग्दर्शन म्हणजे सेट आणि कपड्यांपासून सगळं. केशवराव धायबर कॅमेऱ्यामागे. आणि भांडवल कोल्हापूरच्या सीताराम कुलकर्णींचं. आता ही यादी नीट बघा. सिनेमा बनवायला लागणारं जवळजवळ प्रत्येक खातं एका मालकाच्या हातात आहे, म्हणजे कॅमेरामन नोकर नाही, मालक आहे, साउंडवाला मालक आहे. त्याच काळातल्या बॉम्बे टॉकीजशी तुलना करा, ती १९३४ मध्ये निघाली तीच भागभांडवल असलेली लिमिटेड कंपनी म्हणून, संचालक मंडळ वगैरे सगळं. कलकत्त्याचं न्यू थिएटर्स म्हणजे बी. एन. सरकारांचं. तिघांना एकाच दमात "तेव्हाचे मोठे स्टुडिओ" म्हणून मोकळं होतात लोक, पण पैसा कुणाचा आणि निर्णय कुणाचा हे तिन्हीकडे वेगळं होतं, आणि कंपनीचा इतिहास लिहायचा तर मुद्दा तोच आहे ना?

शांतारामांचं श्रेय कमी करायचं नाहीये, "कुंकू", "माणूस", "शेजारी" त्यांचेच. पण "संत तुकाराम" त्यांचा नाही! १९३६ चा तो सिनेमा दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलाय, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. यूट्यूबवर सिनेमा लावा आणि सुरुवातीची नावं सरळ वाचा, एका मिनिटाचं काम आहे, पण तेवढं कुणी करत नाही. (दामले-फत्तेलाल हे एकाच माणसाचं नाव समजून "दामले-फत्तेलाल यांचा जन्म" असं लिहिलेलंही वाचलंय, त्यावर काय बोलणार.) याच सिनेमाचा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला, पण महोत्सवाचं वर्ष १९३७, सिनेमाचं १९३६, ही दोन वर्षं एकमेकांत मिसळू नका, आणि व्हेनिसला मिळाला तो विशेष उल्लेख, महोत्सवाचा सर्वोच्च करंडक नव्हे. आहे तेवढं लिहिलं तरी भरपूर मोठंय ते.

कोण कधी गेलं हे न बघता लिहिणं

पाच नावं दिली की लोक समजतात पाचही जण शेवटपर्यंत होते. धायबर तिशीच्या दशकातच बाहेर पडले. शांताराम १९४२ मध्ये गेले आणि मुंबईला परळमध्ये राजकमल कलामंदिर काढलं, आईवडिलांच्या नावावरून, राजाराम आणि कमल. दामले १९४५ मध्ये वारले. या तारखा एका कागदावर लिहून शेजारी ठेवा, कारण पुढच्या अर्ध्या चुका त्यातच पकडल्या जातात.

उदाहरणार्थ "झनक झनक पायल बाजे", "दो आंखें बारह हाथ", "पिंजरा" हे प्रभातच्या खात्यात टाकलेले दिसतात. पहिला १९५५ चा, दुसरा १९५७ चा, तिसरा १९७२ चा, आणि प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. सगळे राजकमलचे. किंवा हे घ्या, "प्रभातमध्ये शांतारामांनी देव आनंदला पहिला ब्रेक दिला." देव आनंदचा पहिला सिनेमा "हम एक हैं" प्रभातचाच, ते खरंय, पण तो १९४६ चा आणि दिग्दर्शक पी. एल. संतोषी, शांताराम जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गुरुदत्त तेव्हा तिथे नोकरीला होता, दोघांची दोस्ती इथलीच, धोब्याकडे शर्टांची अदलाबदल झाली तो किस्सा पुण्याचाच, तो बिनधास्त सांगा.

"शांताराम गेले आणि प्रभात संपली"

सांगायला सोपं म्हणून हे कारण टिकलंय. पण शांताराम गेल्यावरही कंपनी दहा-अकरा वर्षं चालू होती, १९४४ चा गजानन जागीरदारांचा "रामशास्त्री" त्याच काळातला. त्यांच्या जाण्याने मोठं खिंडार पडलं हे खरंच, पण सोबत महायुद्धाने कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं, त्यात दामले गेले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धंद्याची पद्धतच बदलली. प्रभातचं सगळं गणित महिन्याच्या पगारावर होतं, नट, गायक, सुतार, सगळे कंपनीचे. युद्धाच्या काळात नवा पैसा आला, निर्माते एकेका सिनेमापुरती मोठी रक्कम मोजायला लागले, मग पगारावर कोण थांबणार? कराराची कुरबुर तशी आधीपासून होतीच, अभिनेत्री शांता आपटेंनी १९३९ मध्ये स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केलं होतं, म्हणजे सोन्याचे दिवस म्हणतो त्या दिवसांतही आत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं नाही. माझं मत विचाराल तर कंपनी का बुडाली हे लिहिताना माणसांच्या भांडणांना एक परिच्छेद आणि पगाराच्या पद्धतीला तीन द्या, लोक नेमकं उलटं करतात.

बंद पडल्यावर काय कुठे गेलं

इथे जुन्या वाड्याच्या वाटण्यांसारखं झालं, जागा एकीकडे, आतलं सामान दुसरीकडे. स्टुडिओची जागा आधी खासगी हातात गेली, सरकारकडे थेट नाही. फिल्म इन्स्टिट्यूट तिथे सुरू झालं १९६० मध्ये, म्हणजे मध्ये सात वर्षांची गॅप आहे. आणि तेव्हा ते एफटीआयआय नव्हतंच, नुसतं फिल्म इन्स्टिट्यूट, टीव्हीचा विभाग दिल्लीहून पुण्यात आला १९७४ मध्ये. पहिले संचालक होते तेच "रामशास्त्री"वाले गजानन जागीरदार, हे कनेक्शन मात्र फार कमी लोक लिहितात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये वेगळी संस्था म्हणून निघालं, शेजारी आहे म्हणून तिला इन्स्टिट्यूटचं खातं समजू नका.

सिनेमांचे हक्क जागेबरोबर सरकारकडे गेले असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, ते वेगळ्या वाटेने फिरून दामले कुटुंबाकडे परत आले. त्यामुळे प्रोजेक्टसाठी क्लिप वापरायची परवानगी हवी असेल तर "जागा सरकारची म्हणजे सिनेमाही सरकारचा" या हिशोबाने इन्स्टिट्यूटला मेल करत बसू नका.

थिएटरचं तर वेगळंच. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात १९३४ मध्ये सुरू झालं, पण इमारत किब्यांची, प्रभात वाल्यांकडे ती भाड्याने. २०१४ च्या डिसेंबरात करार संपला, नाव परत किबे लक्ष्मी झालं. तेव्हा "प्रभात बंद" अशी हेडलाइन वाचून काही जणांनी कंपनीचा शेवट २०१४ लिहून टाकलाय!

आकडे जुळत नाहीत तेव्हा

प्रभातने एकूण किती सिनेमे काढले याचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे मिळतील. घाबरून सरासरी काढू नका. आधी बघा, त्या यादीत मूकपट धरलेत का. मग बघा, मराठी आणि हिंदी आवृत्ती एक मोजलीय की दोन, कारण "कुंकू" आणि "दुनिया न माने", "माणूस" आणि "आदमी", "शेजारी" आणि "पडोसी" हे डबिंग नाही, दोन्ही भाषांत वेगवेगळं शूटिंग केलेलं आहे, "शेजारी" आणि "पडोसी"त तर नटसुद्धा सगळे तेच नाहीत. "सीता कल्याणम" तमिळमध्ये आहे, ती मराठी याद्यांतून हमखास सुटते. एवढं तपासलं की बहुतेक फरक सापडतो, आणि तुमच्या लेखात आकडा देताना कसा मोजला ते एका ओळीत लिहून टाका.

आणि "सगळ्या मूळ निगेटिव्ह इन्स्टिट्यूटमध्ये सुरक्षित आहेत" हे वाक्य असेल तर ते काढाच. जानेवारी २००३ मध्ये कॅम्पसवरच्या नायट्रेट फिल्मच्या (जुन्या काळची, चटकन पेट घेणारी फिल्म) गोदामाला आग लागली आणि त्यात प्रभातचंही बरंच मूळ साहित्य जळलं. आज आपण बघतो ते मूळ निगेटिव्हवरून पूर्वी काढलेल्या प्रतींवरून आलेलं आहे.