हबस्पॉट-जीमेल सिंक बंद करायचंय? नुसतं एक्स्टेन्शन काढून भागत नाही

हबस्पॉट हे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. जीमेल त्याला जोडलं की मेल त्या नोंदींत जाऊन बसतात, हेच सिंक. ब्राउझरमधलं हबस्पॉटचं एक्स्टेन्शन काढलं की सिंक थांबतं, हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. एक्स्टेन्शन हा नुसता दर्शनी भाग. इनबॉक्स वाचायची परवानगी हबस्पॉटच्या सर्व्हरकडे असते. ब्राउझरमध्ये काहीही पुसलं तरी ती शाबूत राहते.

हबस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'ईमेल' टॅब उघडा आणि जोडलेला पत्ता 'डिस्कनेक्ट' करा. त्या पत्त्यावरून सीक्वेन्स (ठरलेल्या क्रमाने आपोआप जाणारे मेल) चालू असतील तर आधी त्या थांबवा. कॅलेंडरचा टॅब वेगळा, तेही तिथे जाऊन तोडा. मात्र मीटिंगची लिंक ग्राहकांना दिलेली असेल तर कॅलेंडरला हात लावू नका.

इनबॉक्स जोडलेलाच ठेवून फक्त नोंदी थांबवायच्या असतील, तर खरी डोकेदुखी इथे आहे. नवा मेल लिहिताना खाली दिसणारी 'लॉग'ची (म्हणजे हबस्पॉटमध्ये नोंद करायची) टिक काढली की काम झालं असं वाटतं. ती टिक त्या नव्या मेलपुरतीच. जो संवाद आधी एकदा लॉग झालाय, त्यात ग्राहकाचं उत्तर आलं की ते पुन्हा नोंदीत जाऊन बसतं. जुन्या संवादात उत्तर देऊ नका, कोरा मेल सुरू करा. वकील, बँक, सीए यांचे पत्ते 'नेव्हर लॉग' यादीत घाला; रोज टिक काढायची आठवण ठेवण्यावर विसंबू नका.

दुसरी पळवाट बीसीसीची, म्हणजे मेलच्या लपवलेल्या प्रतीची: हबस्पॉटच्या पत्त्यावर अशी प्रत गेली की मेलची नोंद होते. खात्याच्या क्रमांकाने सुरू होऊन 'बीसीसी डॉट हबस्पॉट डॉट कॉम'वर संपणारा पत्ता इनबॉक्स तोडला तरी चालूच राहतो, कारण त्याला जोडणी लागतच नाही. जीमेलचे फिल्टर, फॉरवर्डिंग, साठवलेले टेम्प्लेट सगळं धुंडाळा. फॉरवर्डचा पत्ताही असाच वेगळा असतो.

इनबॉक्स, कॅलेंडर सगळंच तोडायचं असेल तर गूगल खात्यातल्या थर्ड-पार्टी ॲप्सच्या यादीतून हबस्पॉट शेवटी काढा. आधी काढलं तर हबस्पॉट पुन्हा जोडा म्हणून मागे लागतं, आणि घाईत कुणीतरी ते बटण दाबतंच. पासवर्ड बदलला तरी हेच होतं. त्याला सिंक बंद झालं असं समजू नका.

तपासायला, हबस्पॉटमध्ये कॉन्टॅक्ट म्हणून नोंदलेल्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःला दोन मेल पाठवा: एक नवा, एक जुन्या संवादातलं उत्तर. दहा मिनिटांनी त्या कॉन्टॅक्टची ॲक्टिव्हिटी बघा. आधी लॉग झालेले मेल तिथे दिसतीलच, ते आपोआप जात नाहीत. नको असतील तर एकेक करून काढा.