बूटचा वेळ कुठे जातो: आधी मोजा, आलेख काढा, मगच हात लावा

जून लागला, शाळेची लॅब उघडली, सेतू केंद्रावर दाखल्यांची गर्दी सुरू झाली की एक तक्रार हमखास येते: पीसी चालू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. त्याने कधी फरक पडतो, कधी पडत नाही. पडला तर का पडला हे कळत नाही. उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा यांसारख्या सिस्टमडी (पीसी चालू होताना सगळं क्रमाने सुरू करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या लिनक्सवर बूटची, म्हणजे पीसी चालू होण्याची, वेळ आपोआप नोंदली जाते. ती बघायला वेगळं काही बसवावं लागत नाही.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाकायच्या. जोडरेघ दिसेल तिथे जोडरेघच द्या, जागा सोडू नका.

घड्याळ लावून सुरुवात

मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंतची वेळ लिहा. पीसी पूर्ण बंद करून पाच वेळा हेच करा आणि पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला धरा. सरासरी काढू नका, एखादं वाईट बूट ती बिघडवतं.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. अपडेटनंतरचं पहिलं बूट सोडून द्या. लाइट गेल्यामुळे पीसी धाडकन बंद पडला असेल तर पुढच्या बूटमध्ये डिस्कची तपासणी घुसते, म्हणून ते रीडिंग वेगळं लिहा. आणि सकाळ-दुपारची भेसळ नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. त्यात हीटसिंकवर धुळीचा थर असला तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. मग तुम्ही सॉफ्टवेअर मोजत नाही, ऊन मोजता.

आता टर्मिनल उघडा:

सिस्टमडी-ॲनालाइझ टाइम

समजा उत्तर आलं: कर्नल (लिनक्सचा गाभा) 6 सेकंद, यूजरस्पेस (त्यानंतर सुरू होणारे बाकीचे प्रोग्राम) 70 सेकंद, एकूण 76. स्टॉपवॉच मात्र 108 सांगतंय. हे मधले 32 सेकंद कुठे गेले? जुन्या बायोसच्या (मदरबोर्डवरचं, सगळ्यांत आधी चालणारं सॉफ्टवेअर) पीसीवर कर्नल सुरू होण्याआधीचा काळ या कमांडला दिसतच नाही. यूईएफआयच्या (बायोसची नवी आवृत्ती) नव्या पीसीवर फर्मवेअर आणि लोडर असे दोन आकडे जास्तीचे येऊ शकतात. ते येत नसतील तर वजाबाकी करणं एवढाच मार्ग. स्टॉपवॉच घ्यायला सांगितलं ते यासाठी.

आपल्याकडे या फरकामागे सहसा दोनपैकी एक कारण निघतं. पहिलं लोडशेडिंगचं. उबुंटूमध्ये बूट अर्ध्यात असताना लाइट गेली तर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा लोडर) ते बूट फसलं असं धरतो आणि पुढच्या वेळी मेनू 30 सेकंद दाखवत बसतो. इटीसी फोल्डरच्या आतल्या डीफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब नावाच्या फाइलमध्ये ग्रब-रेकॉर्डफेल-टाइमआउट ही ओळ घाला (मोठ्या अक्षरांत, शब्द अंडरस्कोअरने जोडून), किंमत 5 ठेवा, मग सूडो अपडेट-ग्रब चालवा. हा शेवटचा हुकूम राहिला तर फाइल बदलूनही काहीच बदलत नाही.

दुसरं कारण मदरबोर्डवरचा सेल. सुट्टीभर मेन स्विच बंद असला की बोर्डाला एसएमपीएसकडून (पीसीचा पॉवर सप्लाय) मिळणारा स्टँडबाय करंट थांबतो आणि घड्याळाचा सगळा भार सीआर2032 सेलवर येतो. सेल बसला की तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग पुसली जाते, बूटचा क्रम बदलतो. पीसी एफ1 दाबायची वाट बघतो किंवा आधी नेटवर्कवरून बूट करायला जातो. नवा सेल 3 व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर 2.7 च्या खाली दिसला तर बदला, मग बायोसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा लावा.

टाइम कमांडवर आकड्यांऐवजी बूट अजून संपलं नाही असा संदेश आला तर सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स चालवा. अडकलेलं काम तिथे सापडतं.

यादी, साखळी आणि चित्र

सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम

ही कमांड जास्त वेळ घेणाऱ्या सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) वरून खाली लावून देते. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि पहिल्या पाच बंद करून टाकतात. नेमकं हेच करायचं नाही. सर्व्हिस समांतर चालतात, त्यामुळे यादीतल्या आकड्यांची बेरीज बूटचा वेळ नसते. शिवाय एखादी सर्व्हिस दुसऱ्या कुणाची वाट बघत असली तरी तो वेळ तिच्याच नावावर पडतो. प्लायमाउथ-क्विट-वेट नेहमी वरच्या ओळींत दिसते, कारण लोगोचा पडदा हटेपर्यंत थांबणं हेच तिचं काम. ती निर्दोष आहे. उलट सिंपल प्रकारच्या सर्व्हिस सुरू होताक्षणी झाल्या असं धरलं जातं, म्हणून खरोखर जड असूनही त्या यादीत येत नाहीत.

सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन

ही साखळी खालून वर वाचा. ॲट चिन्हापुढचा आकडा म्हणजे ते युनिट (सर्व्हिस, डिस्क असा सिस्टमडी सांभाळतो तो एकेक घटक) कितव्या सेकंदाला चालू झालं; अधिक चिन्हापुढचा म्हणजे चालू व्हायला त्याने किती वेळ घेतला. अधिकचा मोठा आकडा साखळीत असेल तरच तो दुरुस्त करून बूट लवकर होतं. ब्लेममध्ये 20 सेकंद दाखवणारी पण साखळीत नसलेली सर्व्हिस काढून लॉगिनचा पडदा सहसा एक सेकंदही आधी येत नाही.

आता चित्र:

सिस्टमडी-ॲनालाइझ प्लॉट

तिचं उत्तर ग्रेटर-दॅन चिन्हाने एसव्हीजी फाइलमध्ये वळवा, फाइलला तारखेचं नाव द्या आणि ब्राउझरमध्ये उघडा. आडवा अक्ष वेळेचा, 1 सेकंदाला 100 पिक्सेल. प्रत्येक युनिटची एक पट्टी. लाल भाग सुरू होण्यात गेलेला वेळ, पुढचा फिका भाग ते युनिट चालू असल्याचा. लांब लाल पट्टी शोधा आणि ती संपते तिथून सरळ खाली नजर टाका. त्याच रेषेवर पाच-सात नव्या पट्ट्या एकदम सुरू होत असतील तर सगळे तिच्यासाठीच खोळंबले होते. तशी रांग दिसत नसेल तर ती पट्टी कितीही लांब असो, सोडून द्या. चित्र फार रुंद झालं तर ब्राउझरचा झूम कमी करा. प्रिंट काढायच्या भानगडीत पडू नका.

चित्रात हमखास सापडणारे

नेमके 90 सेकंद. इतका गोल आकडा म्हणजे वाट बघून कंटाळलेला टाइमआउट. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल) नोंद आहे पण डिस्क किंवा स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरायचा डिस्कचा भाग) आता नाही: जुनी हार्डडिस्क काढली, पार्टिशन बदललं, ओळ तशीच राहिली. ती ओळ काढा. डिस्क कधी लावलेली, कधी नसलेली असेल तर पर्यायांत नोफेल लिहा आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट 5 सेकंद ठेवा.

डेबियन-उबुंटूवर याचाच धाकटा भाऊ कर्नलच्या आकड्यात लपतो. इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत येणारी छोटी तात्पुरती सिस्टम) रिझ्यूमसाठी, म्हणजे झोपवलेला पीसी पुन्हा उठवण्यासाठी, नसलेल्या स्वॅपची 30 सेकंद वाट बघतो. कर्नल 35-36 सेकंद दाखवत असेल तर आधी हेच तपासा. रिझ्यूमची किंमत नन करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा.

नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. खेड्यातल्या लॅबमध्ये राउटर बंद असला की ही 60 सेकंदांपर्यंत थांबते. सिस्टमसीटीएल डिसेबलने बंद करायला हरकत नाही, पण बूटच्या वेळीच सर्व्हरवरचं शेअर फोल्डर जोडलं जात असेल तर ते जोडलं जाणार नाही. तिथे राउटरच दुरुस्त करा.

सिस्टमडी-जर्नल-फ्लश जुन्या हार्डडिस्कवर लांबते, लॉग फार साचलेला असतो. सूडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=200एम (शेवटचा एम मोठा) दिलं की हलकी होते.

एफएससीकेच्या पट्टीला हात लावू नका. दर आठवड्याला लाइट जाणाऱ्या गावात डिस्कची तपासणी बंद करणं म्हणजे दहा सेकंद वाचवून फाइल गमावणं. तिथे पैसे यूपीएसवर घाला.

रीडिंगचा आलेख

एका पीसीचं एक चित्र पुरेसं बोलतं, पण अख्ख्या लॅबसाठी कॅल्क (लिबरऑफिसची स्प्रेडशीट) लागतं. पहिल्या रकान्यात पीसीचा नंबर, पुढे बायोस (वजाबाकीतून), कर्नल, यूजरस्पेस. चार्टमध्ये उभ्या पट्ट्या निवडा, त्यात एकावर एक रचलेला प्रकार घ्या. सारख्या बनावटीच्या दहा पीसींत एकाचाच कर्नलचा थर जाड दिसला तर सॉफ्टवेअर शोधत बसू नका. जर्नलसीटीएल -बी चालवा आणि त्यात हार्ड रिसेटिंग लिंक असे शब्द शोधा. सापडले तर डिस्कची साटा केबल काढून, धूळ झटकून पुन्हा लावा. तरीही आले तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलने पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले भाग) बघा. आकडा शून्य नसेल तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. बदल एका वेळी एकच करा आणि प्रत्येक बदलानंतर नवी पट्टी जोडा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

सगळ्याच पट्ट्या थोड्या थोड्या लांब असतील, एकही ठळक दोषी नसेल, तेव्हा सिस्टमडी-बूटचार्ट बसवा आणि ग्रबमध्ये एका बूटपुरतं त्याला इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम) म्हणून द्या. तो सेकंदाला 25 नमुने याप्रमाणे 500 नमुने घेतो, म्हणजे फक्त 20 सेकंद. जुन्या पीसीवर बूट त्याहून लांबतं, म्हणून सेटिंगमध्ये सॅम्पल्स 2500 करा. चित्र रन फोल्डरच्या आतल्या लॉग फोल्डरमध्ये मिळतं. पीसी बंद करण्याआधी कॉपी करा, तो फोल्डर रॅममध्ये असतो. त्यात सीपीयूचा वापर कमी आणि आयओ वेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) बूटभर चढलेला दिसला तर अडचण फिरत्या हार्डडिस्कची आहे. सर्व्हिस बंद करून तिथे दोन-चार सेकंद मिळतील. जुन्या डिस्कइतक्या किंवा त्याहून जास्त क्षमतेचा साटा एसएसडी घाला, जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करा आणि तेच पाच रीडिंग पुन्हा घ्या.