आधी शब्द, मग बोट: मुलांच्या भाषेसाठी ऑनलाइन खेळ कसे घ्यावेत

मोबाइलवरच्या बहुतेक शब्दखेळांत मूल चित्रावर बोट टेकवतं, टाळ्या वाजतात आणि पुढचं चित्र येतं. बोलण्याची गरजच पडत नाही. त्यामुळे असे खेळ तासन्‌तास खेळूनही बोलणं वाढत नाही. उपाय सोपा आहे: फोन मोठ्यांच्या हातात ठेवा, खेळाचा आवाज बंद करा आणि मुलाने काहीतरी म्हटल्यावरच चित्र सरकवा. "मनी" एवढंच म्हणालं तरी पुरे. त्याचंच वाक्य आपण थोडं वाढवायचं: "हो, मनी पळाली!"

दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. कॉलला सूट आहे, कारण पलीकडे उत्तर देणारं माणूस असतं. म्हणून आमची पहिली पसंती व्हिडिओ कॉललाच. आजी साताऱ्यात आणि नात जर्मनीत असली, तर पुढचा खेळ खास त्यांच्यासाठी. (घरात मराठी बोलल्याने मूल उशिरा बोलतं, ही भीती मात्र सोडून द्या. तसं होत नाही.)

लपवाछपवी, तीन वस्तूंची. वय साधारण साडेतीन ते सहा. दोन्हीकडे सारख्या वस्तू घ्या: एक डबा, एक वाटी, एक लिंबू. निवड मुद्दाम केली आहे. तो डबा, ती वाटी, ते लिंबू, अशी तिन्ही लिंगं येतात. वस्तू कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून फोनसमोर मोठं पुस्तक उभं करा; चेहरे मात्र दिसले पाहिजेत. आजी आपल्याकडे मांडामांड करते आणि सांगते, "लिंबू डब्यात ठेव. वाटी डब्यावर पालथी घाल." नात तसं करते. मग दोघी पुस्तक बाजूला करून जुळलं का ते बघतात. पुढच्या डावाला सूचना नातीने द्यायच्या, आणि खरा फायदा याच डावात आहे. "तिथे ठेव" म्हणून आजीला कळत नाही, त्यामुळे नेमका शब्द शोधावाच लागतो.

इथे मुलं हमखास "डबात" म्हणतात, "लिंबूखाली" म्हणतात. चूक दाखवू नका, "म्हण बघू, डब्यात" असंही नको. बरोबर रूप आपल्या वाक्यात सहज येऊ द्या: "अच्छा, डब्यात ठेवलंस! मीही डब्यात ठेवते." एका डावात असं तीन-चार वेळा कानावर पडलं की पुरे.

खेळ फसतो तो बहुधा तीन कारणांनी. सुरुवातीलाच सहा-सात वस्तू मांडल्या जातात. डावा-उजवा विचारलं जातं, जे समोरासमोर उलटं होतं. म्हणून फक्त वर, खाली, आत, शेजारी. आणि मोठ्यांना थांबवत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. कॉलवर आवाज उशिरा पोचतो, मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो. आपण मध्येच बोललो की त्याचा शब्द आत राहतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला पाच-सात मिनिटं, पाच वर्षांच्याला पंधरा मिनिटं खूप झाली.

आवाज ओळखण्याचे खेळ कॉलवर जपून घ्या. "काका"ला "ताता" म्हणणाऱ्या लहान मुलासाठी कार आणि तार अशी दोन चित्रं दाखवून "कार कुठे?" विचारणं चांगलं. पण फोन गोंगाट कापतो, तेव्हा स, श यांच्यासारखे बारीक ध्वनीही कापले जाऊ शकतात. मुलाला फरक कळत नाही असं वाटतं आणि दोष असतो लाइनचा. म्हणून स-श प्रत्यक्ष समोर बसूनच घ्या. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवा; खिडकी पाठीमागे असली की ओठ दिसत नाहीत.

गोष्टीसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेची 'स्टोरीवीव्हर' ही वेबसाइट मोफत आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत. पहिल्या, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीची गोष्ट घ्या, स्क्रीन शेअर करा, पण मजकूर लगेच वाचू नका. चित्रावर एक वाक्य आपण बोलायचं आणि थांबायचं. "हे काय? ते काय?" अशी परीक्षा सुरू झाली की मूल उठून जातं.

दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये"सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर खेळांवर वेळ घालवू नका. आधी कानाची तपासणी, मग स्पीच थेरपिस्ट. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दोन्ही होतं. जाण्याआधी घरी खेळताना मुलाचे दोन-दोन मिनिटांचे दोन व्हिडिओ काढून ठेवा. अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत.